तुरटी फिरवलेलं पाणी

खोटं काऊन बोलू, मले त्या पाण्याची लाजच वाटली. आमच्या मालकानं पाडलेला बोअर, अख्खी आळी त्याचं पानी पेते. अन् तालुक्याच्या लॅबमधले शिकले-सवरले लोकं ते मातकट पानी काचेत घालून पाहतीन, म्हणतीन, हेच का विमलबाईचं पानी?

पण नेणं त होतंच. माही नात डिंपल, आठ वर्सांची पोट्टी. दातावर तपकिरी पट्टे आले, आता गुडघे दुखते म्हणून लंगडत चालते. डॉक्टर म्हणे, पाण्यात फ्लोराइड असीन, तपासून घ्या.

सकाळी लॅबची मलिहा आली. लाइन नव्हती, मोटर चालणार कशी? तिनं बाटली अन् बर्फाचा डबा ठेवला. म्हणे, "आजी, लाइन आली का मोटर दहा मिनिटं चालू द्या. मंग त्याच पाण्यानं बाटली तीन डाव खंगाळा, काठोकाठ भरा, डब्यात ठेवा. त्यात काही टाकू नका. मी बाकीचे गावं करून तीन वाजता येतो."

काही टाकू नका म्हणजे मीठ-साखर टाकू नका, असं मी समजली. तुरटी का टाकणं असते? तुरटी त पानी साफ कराले असते! बारा वाजता लाइन आली. धुतल्या लुगड्यानं पानी गाळलं, तुरटी फिरवली, तासभर बसू देलं, मंग बाटली भरली. काय देखणं दिसे बाप्पा!

डब्याशेजारीच आंग टाकलं. बर्फाचा गारवा गालाले लागे. बाहेर ऊन भणभणत होतं, अन् मी हळूहळू खाली जाऊन राह्यली, बोअरच्या पायपातून, मुरमातून, काळ्या दगडातून. तिथं उजेड होता, निळा-निळा. मालक घोट्याइतक्या पाण्यात उभे. जाऊन बारा वर्सं झाली, पण धोतर ओलं, हातात माही बाटली. उजेडात धरून त्यांनी ती फिरवून-फिरवून पाह्यली.

"विमल," म्हणे, "हे आपलं पानी नाही."

"आपलंच हाय जी! मीच भरली!"

त्यांनी मान हालवली अन् बाटली माह्या हातात देली. ती इतकी हलकी लागली का मी घाबरून जागी झाली.

दारात मलिहा उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप राहावं असं वाटलं. पण तोंडातून निंघूनच गेलं, "पोरी, मी त्यात तुरटी फिरवली."

ती रागावली नाही, माह्याजवळ येऊन बसली. "आजी, तुरटीनं फ्लोराइड कमी होते. रिपोर्ट चांगला आला असता. अन् डिंपल तेच पानी पेत राह्यली असती."

या हातानं मी काय करून बसली असती! लाइन होती, मोटर चालू केली. मलिहानं नवी बाटली भरली, मातकट पाण्याची. चिठ्ठीवर लिहाले तिनं इचारलं, "बोअर कोणाचा?"

"माहा," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात लिव."

रिपोर्ट आठ दिवसांनी येईन म्हणे. गाडी गेली, अन् डिंपल शाळेतून आली. दप्तर फेकलं, "आजी, पानी दे."

मी माठात गिलास बुडवला. बुडवला तसाच राह्यला, हात वर येईना. मंग गिलास रिकामा केला अन् शेजारच्या सलीमाच्या घरी गेली. आळीत ती एकटीच पैसे मोजून जारचं पानी घेते म्हणून मीच तिले हासत होती. तिनं गिलास भरून देला.

डिंपलनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "आजी, हे आपल्यासारखं नाही लागत. फिकं लागते."

"हाव व माय, फिकं लागते," मी म्हटलं. मले रडू आवरत नव्हतं. "पे."