तीनदा विसळलेली बाटली

ताईच्या सहीवर अख्खी कॉलनी पाणी प्यायची. म्हणजे प्यायची नळाचंच, पण भरवसा सहीचा. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत ताई बारा वर्षं नोकरीला होती, आणि दर महिन्याला तिच्या सहीचा कागद कॉलनीच्या फाटकावर लागायचा: पिण्यास योग्य. त्याच कॉलनीत तिचे वडील, अण्णा, दादा-वहिनीकडे राहायचे. कागद लागला की अण्णा चष्मा लावून खाली उतरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून दाखवायचे, "ही सही बघितलीत? आमच्या ठमीची."

गेल्या दोन महिन्यांत अण्णांचं पोट तिसऱ्यांदा बिघडलं होतं. दोन वेळा सलाईन लागलं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर या वयात झेपायचं नाही, पाणी उकळूनच द्या. वहिनी उकळायची. अण्णा बेसिनमध्ये ओतायचे.

"वन्सं, आता तुम्हीच या," वहिनीचा फोन आला. "मी काही बोलले की म्हणतात, तू प्रयोगशाळेत आहेस का? उकळूनच प्यायचं तर आमच्या ठमीला पगार कशाचा देतात म्हणे!"

पास झालेल्या पाण्याने पोट का बिघडतं ते बघायला दुसऱ्या दिवशी ताई नमुने आणायच्या गाडीत जाऊन बसली. गाडीवर नमुने गोळा करायला टापटीपराव असायचे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक. खिशात दोन रुमाल, एक हात पुसायला आणि एक पहिला रुमाल पुसायला. छत्तीस महिन्यांत त्यांनी आणलेला एकही नमुना नापास झाला नव्हता. त्याबद्दल साहेबांनी त्यांचा फोटो कचेरीत लावला होता, स्वतःच्या फोटोच्या जरा खाली.

कॉलनीच्या नळाशी टापटीपरावांनी बाटलीचं झाकण काढलं, अर्धी बाटली भरली, खळखळून हलवली आणि ओतून दिली. परत भरली. परत ओतली.

"अहो, अहो! काय करताय?"

"विसळतोय." तिसऱ्यांदा ओतून त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, बोलू नये, पण तुमच्याकडून बाटल्या नीट धुऊन येत नाहीत. तळाला काहीतरी पांढरं असतं. छत्तीस महिने मी गुपचूप साफ करतोय. कुण्णाला बोललो नाही. म्हटलं, आपल्याच ऑफिसची अब्रू."

ताईने कपाळावर हात मारला. ते पांढरं ती स्वतःच्या हाताने घालायची. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं, ते बाटलीत शिरल्या शिरल्या निकामी करायला. घरी माणूस नळाखाली पेला धरतो आणि तसाच तोंडाला लावतो. बाटलीतलं पाणी मात्र चार तास गाडीतून गावभर फिरतं. पांढरं विसळून गेलं की तेवढ्या वेळात क्लोरीन आत बसून एकेक जंतू गाठून मारतं आणि प्रयोगशाळेत पाणी पोचतं ते आंघोळ करून, भांग पाडून. छत्तीस महिने ताई याच पाण्याला पास करत आली होती.

तिने दुसरी बाटली घेतली आणि न विसळता भरली. दोन्ही नमुने जंतू वाढले की पिवळं पडणाऱ्या जांभळ्या द्रवाच्या नळ्यांत घातले, चोवीस तास उबेत ठेवले. दुसऱ्या दिवशी टापटीपरावांच्या पाण्याच्या नळ्या होत्या तशा जांभळ्या. ताईच्या पाण्याच्या नळ्या पिवळ्याजर्द, वर बुडबुडे. पाण्यात नको ते मिसळत होतं, यात काडीची शंका नव्हती.

नळ्यांचा स्टँड तसाच उचलून ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी पिवळ्या नळ्यांकडे पाहिलं नाही. "याला नोंद क्रमांक?"

"नाही साहेब. मी स्वतः आणलं."

"तुम्ही अधिकृत नमुनावाल्या नाही. म्हणजे हे पाणी आपल्याकडे आलेलंच नाही."

"आलं नाही तर पिवळं कसं झालं?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय."

"साहेब, लोक आजारी पडतायत. क्लोरीनला चार तास मिळतात म्हणून आपला नमुना पास होतो."

साहेबांनी विचार केला. विचार करताना ते पेन कानात घालायचे. "मग लोकांनीही चार तास थांबून प्यावं. लोकांना घाई फार."

"माझे वडील राहतात तिथे."

"बघा!" साहेबांनी कानातलं पेन बाहेर काढलं. "म्हणजे तुमचा वैयक्तिक संबंध आला. मी ऐकलं नाही असं समजा. छत्तीस महिन्यांचे अहवाल चुकले म्हणायचे तर उत्तर कोण देणार? तुमची सही आहे सगळ्यांवर. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

तरी ताईने लेखी तक्रार दिलीच. तक्रारीची चौकशी झाली, हे नवलच, आणि तीही आठवड्याभरात. टापटीपरावांचा जबाब घेतला. त्यांनी खरं तेच सांगितलं. शुक्रवारी ताईच्या टेबलावर मेमो येऊन पडला: बाटल्यांच्या तळाशी पांढरा पदार्थ आढळत असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे. सबब यापुढे बाटल्या पूर्ण रिकाम्या पाठवाव्यात, आणि आजवरच्या हलगर्जीपणाबद्दल खुलासा करावा.

ताईने मेमो दोनदा वाचला. दारातून टापटीपराव डोकावले, चेहरा पडलेला. "ताई, तुमचं नाव नाही हो घेतलं मी. पदार्थाचंच घेतलं."

त्या महिन्याचा अहवाल समोर आला तेव्हा तिने पेन बाजूला ठेवलं. सही करणार नाही म्हणजे नाही. तिच्या सहीशिवाय फाटकावर कागद लागणार नाही, आणि कागद नाही म्हटल्यावर अण्णा तरी पाणी उकळू देतील. बारा वर्षांत सुचलेली ही एकच धड युक्ती होती. साहेबांनीही आग्रह धरला नाही. "तुमची मर्जी," म्हणाले आणि अहवाल घेऊन आत गेले. ताई जरा हलकी होऊन घरी आली.

शनिवारी सकाळी ती कॉलनीत पोचली तर फाटकावर कागद. खाली तिची सही, वळणासकट.

अण्णा तिथेच उभे होते, हातात पेला. "ये ठमे! याही महिन्यात पास!"

ताईने जवळ जाऊन पाहिलं. शाई निळी, कडा सारख्या, एका बाजूला रबराची पुसट रेघ. "अण्णा, ही सही मी केलेली नाही. साहेबांनी माझ्या सहीचा शिक्का बनवून मारलाय."

"शिक्का?" अण्णांनी नाक कागदाला टेकवलं. चष्मा वर केला, खाली केला. "तुझ्या सहीचा शिक्का करून घेतला?"

"हो!"

"अगं, मग सांगतेस काय!" अण्णांचा चेहरा फुलला. "शिक्का मोठ्या लोकांच्या सहीचा करतात. सूनबाई! ऐकलंस का गं? ठमीचा शिक्का झाला!"

वरच्या गॅलरीतून वहिनीने पाहिलं आणि मान फिरवली.

"अण्णा, पाया पडते तुमच्या. हे पाणी पिऊ नका. मी स्वतः तपासलंय, खराब आहे."

"कुठे लिहिलंय?"

ताईने आठवून पाहिलं. कुठे लिहिलं होतं? तिच्या बाटलीला नंबर नव्हता. नळ्या साहेबांनी धुवायला लावल्या होत्या. तक्रारीचा मेमो झाला होता.

"कुठेच नाही."

"मग?" अण्णा मायेने म्हणाले, गणित चुकलेल्या पोरीला म्हणावं तसं. "घरी आपण काहीही बोलतो गं. पण सही म्हणजे सही."

आणि त्यांनी पेला तोंडाला लावला. ताईने हात घालून ओढला तेव्हा तळाशी दोन घोट उरले होते, तेही तिच्या अंगावर सांडले.

"बघ, गार आहे की नाही?" अण्णा म्हणाले.

असलं पाणी पोटात गेलं की त्रास सुरू व्हायला दोनेक दिवस लागतात, हे तिला पाठ होतं. तिने बोटांवर दिवस मोजले, फोन काढला आणि सोमवारची रजा कळवली.