त्या दुपारी माइक चालू होता

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. लाउडस्पीकरचा, पत्र्याचा. कोलकात्याच्या बेहाल्यातल्या एका शाळेच्या पटांगणात, खांबाच्या टोकाला मला बांधलेलं आहे. इथली मुलं बंगालीत मला ‘चोंगा’ म्हणतात.

माझा जन्म हावड्यातल्या एका लहानशा कारखान्यातला. पत्रा वाकवून मला गोल केलं, राखाडी रंग दिला आणि गोणपाटात गुंडाळून बसच्या टपावरून इथे आणलं. माझ्यातून पहिल्यांदा ‘हॅलो, हॅलो’ केलं ते सलील सरांनी. तेव्हा ते नवे होते, विज्ञान शिकवायचे. सकाळची प्रार्थना, खेळांचे निकाल, सरस्वतीपूजेच्या सूचना, सगळं त्यांच्याच आवाजात माझ्यातून बाहेर पडायचं.

इथे उन्हाळ्यात दुपारी एकाएकी वादळ उठतं. एकदा असंच वादळ उठलं, कौलं उडाली, वीज गेली. लहान मुलं रडू लागली. सरांनी मला बॅटरीवर चालू केलं आणि म्हणाले, “खिडक्यांपासून लांब बसा. मी इथेच उभा आहे. घाबरू नका.” खरंच, वादळ संपेपर्यंत ते बोलत राहिले. भिजून चिंब झाले, पण बोलत राहिले. त्या दिवसापासून सलील सरांचा आवाज आला की मुलं निर्धास्त होत. पुढे सर मुख्याध्यापक झाले आणि साऱ्या शाळेला आनंद झाला. मलाही झाला.

यामिनी ही त्यांच्याच शाळेतली अकरावीची मुलगी. तिचे वडील शरदराव बँकेत अधिकारी, नाशिकहून बदली होऊन आलेले. ती घरी मराठी बोलायची आणि जिवलग मैत्रीण नूपुरशी अस्सल बंगाली.

गेल्या वर्षी शाळेने ठरवलं, की बारावीचा निकाल चांगला लागायला हवा, म्हणून अकरावीतल्या, अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांनी दुसरी शाळा बघावी. त्यांत नूपुर होती. यामिनी नव्हती. तरी सगळा वर्ग पेटून उठला. मुलं वरच्या मजल्यावरच्या सभागृहात शिरली, दाराला बाकं लावली, डबे बडवू लागली. मुलांचं काही चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांनी काचा फोडल्या. खाली लहान मुलांची परीक्षा चालू होती, ती बंद पडली. समजवायला गेलेल्या बाईंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

मग पोलीस आले. सायकली ठेवायच्या शेडमागे ते उभे राहिले. हातांत काठ्या होत्या. त्यांचा साहेब सरांना म्हणाला, “तुम्ही पोरांना खाली उतरवा. आम्ही हात लावणार नाही, नुसता दम देऊ.”

सर व्यासपीठावर आले. त्यांनी माइक हातात घेतला.

“मुलांनो, खाली या. तुमच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. मी शब्द देतो.”

मी तो शब्द जसाच्या तसा वर पोचवला. सभागृहाची खिडकी माझ्या खांबाला लागूनच आहे, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू येत होतं.

“शेडमागे पोलीस आहेत,” नूपुर म्हणाली. “मी खाकी कपडे पाहिले. मला नाही जायचं.”

“अगं, सरांनी शब्द दिलाय,” यामिनी म्हणाली. “सर खोटं बोलतील का? चल, मी आहे ना.”

दाराचं पहिलं बाक यामिनीनेच हलवलं. नूपुरचा हात धरून ती खाली उतरली. मागोमाग सगळे उतरले.

मुलं पटांगणाच्या मध्यावर आली तेव्हा कुणीतरी एक घोषणा दिली. एवढंच निमित्त झालं. पोलीस शेडमागून धावत सुटले. पाठीवर, पायांवर काठ्या बसू लागल्या. एका मुलाला कॉलर धरून मातीतून फरफटत नेलं. नूपुरने डोकं वाचवायला हात वर केला, काठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी उंचावरूनही ऐकला.

मित्रांनो, सर व्यासपीठावरच होते. माइक त्यांच्या हातात होता आणि तो चालू होता. ‘थांबा’ एवढाच शब्द पुरे होता. साऱ्या मोहल्ल्याने तो ऐकला असता, पोलिसांनीही ऐकला असता. मी वाट पाहत होतो. माझ्यातून सरांचा नुसता श्वास बाहेर पडत होता. जोरजोरात. साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल असा. शब्द मात्र आला नाही.

संध्याकाळी शरदराव लेकीला न्यायला आले. ती माझ्या खांबाला टेकून बसली होती.

“तुला कुठे लागलंय का गं?” त्यांनी तिचे हात चाचपून पाहिले.

“मला काहीच नाही लागलं, बाबा. तिला लागलं. आणि तिला मी आणलं होतं खाली.”

शरदराव तिच्याशेजारी मातीत बसले, ऑफिसच्या कपड्यांनिशी.

पुढे पटांगणात पालकांची सभा झाली. मुलांना काढायचा निर्णय रद्द झाला. त्या साहेबाची चौकशी लागली. सर माइकवर म्हणाले, “पोलिसांनी माझी फसवणूक केली. त्यांनी मला वेगळंच सांगितलं होतं.”

यामिनी उभी राहिली. शरदरावांनी तिला खाली बसवलं नाही.

“त्यांनी तुम्हाला फसवलं असेल, सर. पण माइक चालू होता.”

सरांनी माइक खाली ठेवला. मग अगदी हळू, पुढच्या ओळीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, “मी घाबरलो गं.”

“आम्हीपण घाबरलो होतो, सर,” यामिनी म्हणाली आणि खाली बसली.

नूपुरला आता या शाळेत राहता येणार होतं. पण ती परत आली नाही. तिचा हात जुळला, पण थोडा वाकडा जुळला, असं मुलं बोलतात.

मी अजून खांबावरच आहे. माझी तार नवी आहे, आवाज स्वच्छ आहे. रोज सकाळी सर मुलांना प्रार्थनेला बोलावतात. मुलं येतात, पण आधी सायकलींच्या शेडकडे बघतात. पहिलीतली मुलंसुद्धा बघतात. त्या दिवशी ती शाळेत नव्हतीच. मोठ्यांचं पाहून शिकली.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातातही कधी माइक येईल. शब्द देताना जपून द्या. आणि दिलेला शब्द डोळ्यांदेखत मोडला जात असेल, तर गप्प राहू नका. घाबरला असाल, आवाज कापत असेल, तरी चालेल. ओरडा.