पुसलेली पाताळगंगा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. सगळ्यांना माफ करून गोड बोलणारा म्हातारा मी नव्हे. मी एक जुना गुंडाळी फळा आहे आणि अकरा वर्षं मी एका माणसावर डूख धरून होतो. त्याचं उट्टं कसं निघालं, तेच सांगायला बसलोय.

गुंडाळी फळा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलाही नसेल. शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांना छात्राध्यापक म्हणतात. त्यांना आसपासच्या शाळांत जाऊन सरावाचे पाठ घ्यावे लागतात. वर्गात उभं राहून नकाशा काढत बसलं तर तास तिथेच संपायचा. म्हणून नकाशा आदल्या दिवशीच फळ्यावर काढायचा, फळा गुंडाळून दोरीनं बांधायचा आणि पाठ रंगात आला की भिंतीवर सोडायचा. पोरं 'हाऽऽ' करतात आणि मागे बसलेले परीक्षक मान डोलावतात.

माझा जन्म चौकच्या एका गॅरेजात झाला. तिथे ट्रकची कामं करणाऱ्या येसाजींची मुलगी सोनाली कर्जतकडच्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकत होती. दुकानातले रेक्झिनचे फळे दोन महिन्यांत तडकतात, असं ती एकदा जेवताना म्हणाली. दुसऱ्याच दिवशी येसाजींनी ट्रकच्या जाड ताडपत्रीचा तुकडा कापला, वरखाली सागाच्या पट्ट्या ठोकल्या आणि फळ्याचा खास रंग आणून चार हात दिले. प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपरनं घासायचे. घासताना म्हणायचे, "ह्यो फाटायचा नाय, सोने. तू म्हातारी झालीस तरी टिकंल." माझं अंग मंद काळं झालं, अजिबात न चमकणारं. खडू टेकला रे टेकला की मी तो धरून ठेवायचो.

पहिलं कौतुक प्रमोदिनीबाईंनी केलं. त्या महाविद्यालयात भूगोल कसा शिकवावा ते शिकवायच्या, आणि त्यांच्या तोंडून 'बरं' निघणंसुद्धा कठीण होतं. एकदा सोनालीनं मला भिंतीवर सोडलं तेव्हा त्या चष्मा काढून उभ्याच राहिल्या. "फलकलेखन म्हणजे हे. बघून घ्या सगळ्यांनी," म्हणाल्या. सगळ्यांनी बघितलं. एकाच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

त्याचं नाव अनुपम. कर्जतमधल्या चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरातला, बोलण्यात पटाईत, अक्षर मात्र कावळ्याच्या पायाचं. त्या वर्षी महाविद्यालयाच्या स्वतःच्या शाळेत एक जागा भरायची होती. वार्षिक पाठात, म्हणजे वर्षअखेरच्या परीक्षेच्या पाठात, जो पहिला येईल त्याला ती मिळणार होती. सोनाली आणि अनुपम, दोघांतच काय ती चुरस होती.

वार्षिक पाठासाठी सोनालीनं माझ्यावर पाताळगंगा काढली. घाटातल्या उगमापासून थेट खाडीपर्यंत. निळ्या खडूनं पाणी, हिरव्यानं शेतं, खालापूर, चौक, रसायनी सगळं जागच्या जागी. तीन तास ती गुडघ्यांवर बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला चौकजवळच्या, पाठ व्हायचे होते त्या शाळेच्या कोपऱ्यात उभं केलं आणि ती मुलांची नावं पाठ करायला वर्गात गेली.

अनुपमचा पाठ तिच्या आधी, शेजारच्या वर्गात होता आणि हा पठ्ठ्या आपला फळा घरी विसरून आला होता. त्यानं इकडे तिकडे पाहिलं. माझी दोरी सोडली. ओलं फडकं घेतलं. मी ओरडलो असतो हो, पण फळ्याला कुठलं तोंड! त्यानं उगम पुसला, घाट पुसला, चौक पुसलं. माझ्या अंगावर त्यानं वनस्पतीची पेशी काढली, पाठ उरकला, अर्धवट पुसलं आणि मला होतं तसं गुंडाळून त्याच कोपऱ्यात ठेवलं. कुणाला काही कळलं नाही.

पुढच्या तासाला सोनाली वर्गावर उभी राहिली. "आपल्याजवळून कोणती नदी वाहते?" तिनं विचारलं.

"पाताळगंगाऽऽ!" पोरं ओरडली.

"चला, ती येते कुठून ते बघू," म्हणत तिनं दोरी ओढली. मी उलगडलो. नदीच्या जागी बरबटलेली पेशी! पोरं खो खो हसली. सोनालीचा हात दोरीवरच राहिला. मागच्या बाकावर इतर छात्राध्यापकांसोबत अनुपम बसला होता. एकमेकांच्या पाठांची निरीक्षणं लिहायची असतात ना, तसा तो वहीत लिहीत होता. शेजारच्यानं मान वळवून मोठ्यानं वाचलं, "फलकलेखन असमाधानकारक." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्याला तळपाय नसतात, ठाऊक आहे मला, पण गेली.

त्या दिवशी पेशीचा पाठ एकट्या अनुपमचाच होता. सोनालीनं त्याला बाहेर गाठलं. "अरे, निदान विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? खडूच तर होता," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

जागा त्याला मिळाली. सोनाली रसायनीकडच्या एका शाळेत तासांवर शिकवायला लागली. त्या दिवसाच्या रडारडीत मी महाविद्यालयातच राहिलो, आणि ती मला न्यायला कधी आली नाही. जिन्याखालच्या खोलीत मोडक्या पृथ्वीगोलाशेजारी मी पडून होतो. काही वर्षांनी हाच अनुपम सर होऊन महाविद्यालयात शिकवायला आला. वार्षिक पाठ आले की मला बाहेर काढायचा आणि नव्या मुलांना सांगायचा, "हा मी स्वतः केलेला फळा. माझा लकी फळा." ऐका! माझ्या तोंडावर! मी मनात म्हणायचो, थांब लेका, तुझा घडा भरू दे.

यंदा तो भरला. माझा रंग विटला होता, पांढरे चट्टे पडले होते. अनुपमनं फाटकाला लावून उरलेला काळा ऑइलपेंट मागवला आणि मुलांसमोर बाह्या सरसावून स्वतःच्या हातानं मला फासला. "फळा कसा आरशासारखा चमकला पाहिजे," म्हणाला. मित्रांनो, चमकणाऱ्या फळ्यावर खडू घसरतो आणि उजेडात लिहिलेलं दिसत नाही, हे चौकच्या गॅरेजातल्या माणसालाही कळत होतं. शिक्षक घडवणाऱ्या या सरांना ते कळेना. मी गप्प पडून म्हणत होतो, लाव, लाव, आणखी एक हात लाव!

वार्षिक पाठ खालापूरकडच्या एका शाळेत होते. बाहेरच्या परीक्षक म्हणून वर्गात कोण आलं असेल? सोनाली! आता ती एका हायस्कुलात मुख्याध्यापिका आहे. केसांत एक पांढरी बट, हातात गुणांचा कागद. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, घे आता, याच्या विद्यार्थ्याला धूळ चार, म्हणजे याचं नाक कापलं जाईल.

पण माझी दोरी ओढली ती समिधानं. शेलूहून येणारी बारकीशी पोर. नेरळच्या शाळेत तिची नोकरी ठरलेली, फक्त निकाल लागायचा होता. आदल्या दिवशी माझा रंग ओला होता म्हणून तिला माझ्यावर काही काढता आलं नव्हतं. ती म्हणाली होती, "सर, मी शाळेचाच फळा वापरते." त्यावर अनुपमनं दटावलं होतं, "गुंडाळी फळा नसेल तर साधनांचे गुण जातात."

तिनं त्रिकोण काढायला खडू टेकवला. खडू सटकला. पुन्हा टेकवला. कर्रर्र.

"बाई, काय दिसत नाय!" पहिल्या बाकावरची चिंधी नावाची पोरगी म्हणाली. वर्ग हसला. समिधाचे डोळे भरले आणि मित्रांनो, माझ्या सगळ्या आनंदावर पाणी पडलं. सूड उगवायला निघालो होतो मी, आणि माझ्यापुढे पुन्हा एक पोरगीच रडत उभी होती.

अनुपम मागून म्हणाला, "किती वेळा सांगितलं यांना, तयारी आधी करावी! मॅडम, तुम्ही नियमाप्रमाणे गुण कापा." करून सवरून नामानिराळा, जन्माची खोड!

सोनाली उठली. पुढे येऊन माझ्या सागाच्या पट्टीवर तिनं हात ठेवला, आणि तो क्षणभर तिथेच राहिला. मग म्हणाली, "सर, तुम्हीच दाखवा ना एकदा लिहून. मुलंही शिकतील."

अनुपमनं हसत खडू घेतला. तो हात माझ्या अंगाला लागला आणि मी उभ्या जन्मात एवढा गुळगुळीत झालो नव्हतो! खडू सटकला, मोडला, त्याच्या बुटावर पडला. दुसरा घेतला, तोही तसाच.

"सरांना पण येत नाय!" चिंधी ओरडली. या वेळी पोरांबरोबर छात्राध्यापकही हसले. अनुपमचे कान लालबुंद झाले. आहाहा! खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

"रंग कुणी लावला याला?" सोनालीनं विचारलं.

"सरांनीच," मागून दोघेतिघे म्हणाले.

"मग गुण कुणाचे कापू?"

अनुपम खाली बसला. सोनालीनं समिधाला शाळेच्या भिंतीवरचा फळा दाखवला. "डोळे पूस, समिधा. पहिल्यापासून सुरू कर. वेळ मी वाढवून देते." समिधानं असे त्रिकोण काढले की चिंधीनंसुद्धा हात वर केला.

पाठ संपल्यावर अनुपम सोनालीला गाठून कुजबुजला, "एवढ्या वर्षांनी राग काढलात तर!"

"काढला," सोनाली म्हणाली. "हा फळा माझ्या बाबांचा. विचारलं असतं तर सांगितलं असतं, याला ऑइलपेंट लावत नाहीत."

तो मला तिथेच टाकून गेला. सोनालीनंही मला नेलं नाही. नखानं रंग खरवडून पाहिला, मान हलवली आणि पुढच्या वर्गावर गेली. आता शाळेच्या सायकलींवर मला पांघरतात. येसाजी म्हणाले होते तसा मी फाटलेलो नाही, पण माझ्यावर पुन्हा कधी कुणी नदी काढणार नाही. सूड पुरा झाला, मित्रांनो, आणि तो मला एवढ्याला पडला.

तरी अनुपमला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगतो. कुठल्याही फळ्यावर कुणाचं काही लिहिलेलं दिसलं, तर फडकं उचलण्याआधी 'पुसू का?' एवढं विचारा. कुणीतरी गुडघ्यांवर बसून ते काढलेलं असतं.