सव्वा मूठ

सुरतच्या डिंडोलीत मगन पाटलाचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मगनचा तर सुंभही जळायला तयार नव्हता. दर रविवारी तो नाक्यावरच्या फोनच्या बूथवर जायचा, खिशातली चिठ्ठी काढायचा, जपानच्या नंबरातले अर्धे आकडे दाबायचा आणि रिसीव्हर ठेवून द्यायचा.

"काका, आजे पण नथी करवो?" बूथवाला गुजराती हसून विचारायचा.

"लाइन लागत नाही," म्हणून मगन चालू लागायचा. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा योगेंद्र गेल्या श्रावणात जपानला गेला होता. पाण्याच्या फवाऱ्यावर चालणारे नवे माग सुरतेत आले होते, ते शिकायला कारखान्याने त्याला तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. जन्मभर जुने माग दुरुस्त करणाऱ्या बापाला खरं तर अभिमान वाटायला हवा होता. पण त्याला एकटं राहायची भीती वाटली, आणि भीती वाटली की मगनला राग यायचा.

तो राग त्याने नेमका कानबाई देवीच्या सणाला काढला. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ही खानदेशची रीत. ते रोट कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि उष्टे तर टाकायचेच नाहीत. मगनने स्वतःची सव्वा मूठ घेतली आणि सूप बाजूला सारलं. "परदेशी जाणाऱ्याची मूठ कशाला?" एवढंच म्हणाला. मूठ फक्त मेलेल्याची घेत नाहीत, हे काय पोराला माहीत नव्हतं? दोन दिवसांनी योगेंद्र गेला. तिथून एकच पत्र आलं, त्यात पत्ता आणि फोन नंबर होता.

आता पुन्हा श्रावण आला. सणाआधी चुना द्यायला मगनने फळी रिकामी केली, तेव्हा योगेंद्रची वही सापडली. सगळी जपानी अक्षरं. एका पानावर मात्र त्या किड्यामुंग्यांच्या मधोमध मराठीत एकच शब्द होता, 'कानबाई'. मगनला चैन पडेना. योगेंद्रला जपानी शिकवणाऱ्या नीला दातार अठवा लाइन्सला राहायच्या, बँकेत होत्या. मगन वही घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला.

"ताई, काय लिहिलंय एवढं सांगा."

नीलाताईंनी चष्मा लावला. "हा आमचा शेवटचा धडा, मगनभाऊ. होता होता राहिलेल्या गोष्टी कशा सांगायच्या, त्याचा. जपानीत त्याची छान सोय आहे. खाता खाता ठेवून दिलेलं सफरचंद असेल तर 'ताबेकाके'. मी मुलांना म्हटलं होतं, आपल्या घरातली वाक्यं करून आणा." त्या बोट फिरवत वाचू लागल्या. "बसमधून पडणारच होतो, वाचलो. आईने स्वेटर विणायला घेतला होता, तो अर्धाच राहिला." त्या थांबल्या. "कानबाईच्या सणाला वडिलांनी माझ्यासाठी गहू मुठीत घ्यायला सुरुवात केली होती. 'निगिरीकाकेता'. म्हणजे मूठ मिटत आली होती, पूर्ण मिटली नाही."

मगन खुर्चीच्या कडेला बसला. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःची मूठ झाल्यावर त्याचा हात खरोखरच पुन्हा गव्हात गेला होता, बोटं मिटू लागली होती, आणि मग त्याने ती उघडली होती. पोरगा तेव्हा दाराशी पाठमोरा बुटाची नाडी बांधत होता, असं तो वर्षभर समजून चालला होता.

"पाहिलं होतं म्हणजे त्याने," मगन म्हणाला. नीलाताईंना काही कळलं नाही. त्यांनी चहा आणला, तो तसाच राहिला.

घरी येऊन त्याने हातपाय धुतले, सूप घेतलं. आधी स्वतःची सव्वा मूठ काढली. मग "योगेंद्र" असं मोठ्याने म्हणून दुसरी काढली, दाणाही सांडू दिला नाही. आणि रविवार नसतानाही बूथवर जाऊन सगळे आकडे दाबले.

पलीकडून काहीतरी जपानी ऐकू आलं. मगन नुसता खाकरला.

"कोन? आबा?"

"तुन्ही मूठ लिधी रे," मगन घरच्या अहिराणीत म्हणाला. "सव्वा. पुरी."

मग पोराचा आवाज आला, बदललेला. "मंग मन्हा रोट कोन खाई, आबा?"

"मी खासू. तू येवालोंग दरसाल मी खासू."

सणाच्या रविवारी मगनने दोन पाट मांडले. सुरतेत त्याच्या कुळाचं दुसरं घर नव्हतं. गंगाफळाची भाजी, खीर आणि दोन-दोन रोट त्याने दोन्ही ताटांत वाढले. आपल्या ताटातले रोट संपवले. पोट गच्च भरलं होतं. मग तो उठून योगेंद्रच्या पाटावर जाऊन बसला. शेवटचा तुकडा हातात घेतला, तेव्हा त्याला रडू फुटलं. रडत रडत त्याने तोही संपवला.