लेकीचं पहिलं बाळंतपण

“मी जित्ती असताना माझी लेक दवाखान्यात बाळंत व्हनार? गाव हसंल मला!” राहीबाई नर्सबाईंवर कडाडली.

तिचंही खोटं नव्हतं. ती तिसगावची सुईण. तिच्या हातावर न जन्मलेलं पोर गावात शोधूनच काढावं लागलं असतं. आता तिची माधुरी पहिलटकरीण, रीतीप्रमाणे माहेरी आलेली. हे बाळंतपण आपल्याच हातांनी करायचं, हे राहीबाईनं लेकीच्या हळदीलाच ठरवून टाकलं होतं.

नर्सबाईंनी आवाज चढवला नाही. “मावशी, तपासणीत हिचं हिमोग्लोबिन कमी आलंय. रक्त गोठवणाऱ्या पेशी तर फारच कमी. बाळंत झाल्यावर जास्त रक्त जायला लागलं तर ते थांबणार नाही.”

“वंगाळ रगात असतंय ते, जाऊ द्यावं. बाईचं आंग मोकळं व्हतं.” आजवर प्रत्येक बाळंतिणीला तिनं हेच ऐकवलं होतं.

“मग हे बघा.” नर्सबाईंनी माधुरीचा हात पुढे केला. पुन्हा तपासायला सकाळीच रक्त घेतलं होतं आणि सुईच्या जागेवरचा कापूस अजून भिजत होता. राहीबाईनं तो बराच वेळ दाबून धरला. बोट काढलं, की रक्त पुन्हा वर येई. तिचा चेहरा उतरला.

“जावयाला निरोप धाडा,” ती हळूच म्हणाली. “नगरला न्यावं लागंल.”

जावई रंगनाथ आणि त्याचा भाऊ, दोघांनी नगरच्या दवाखान्यात आधीच रक्त देऊन ठेवलं. कळा सुरू झाल्या, तशी माधुरी आत गेली आणि राहीबाई जन्मात पहिल्यांदा बाळंतिणीच्या दाराबाहेर बसली. काही वेळानं बाळाचं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ एक नर्स रक्ताची बाटली आणायला धावत सुटली.

“लई जातंय का वं?”

“हो मावशी. पण आपली तयारी आहे.”

राहीबाई उठून दाराशी गेली. जाऊ द्यावं, असं आता कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याच्या थोबाडीत दिली असती. “थांबवा गं बायांनो, थांबवा,” ती बंद दाराशी पुटपुटत राहिली.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त थांबलं होतं आणि माधुरीनं पाणी मागितलं होतं. राहीबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली.

नर्सनं धुऊनपुसून गुंडाळलेली मुलगी तिच्या हातात दिली. राहीबाईनं ती अलगद घेतली आणि सवयीनं मागे वळून पाहिलं, आजी कुठं आहे, बाळ कुणाकडे द्यायचं म्हणून.

मागे कुणीच नव्हतं. मग तिनं नातीला छातीशी धरलं.