मागच्या फाटकावरची बैठक

अन्नन्याय महासंघाची बैठक मंगळवारी चार वाजता भरे. भाजीबाजार बुधवारी बंद, म्हणून न विकलेला सगळा माल मागच्या फाटकाशी टाकून देत तोही मंगळवारी, चारलाच. शहरात कुणी उपाशी राहू नये म्हणून स्थापन झालेल्या महासंघाला ही वेळ कुणी सुचवली, याची नोंद इतिवृत्तात नाही.

वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. नणंदेला, म्हणजे वन्संना, आणि गल्लीतल्या तीन बायकांना घेऊन त्या हा माल उचलत, निवडत आणि एकट्या राहणाऱ्या बावीस म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवत. तीन वर्षं बिनबोभाट चाललं. मग शहरात अन्नन्याय आला. फाटकावर पहारेकरी बसला आणि आत जायला महासंघाचं सभासदपत्र लागू लागलं. नियम असा, की प्रत्येक गटातून चारजण बैठकीला हवेत. सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की पत्र रद्द. वहिनींच्या दोन झाल्या होत्या.

"चौघी तिकडे गेलात तर गोणी उचलायला मी आणि माझे गुडघे," वन्सं म्हणाल्या. "बावीस ताटांत काय वाढणार वहिनी, इतिवृत्त?"

सोमवारी वहिनी समन्वयकाच्या कार्यालयात गेल्या. भिंतभर निरोगी गाजरांची चित्रं होती.

"वेळ बदला," त्या म्हणाल्या.

"त्यावर उपसमिती नेमलीय, ताई. तुमच्यासारख्या महिला बैठकीला का येत नाहीत, याचा अभ्यास चालू आहे."

"अभ्यास कशाला? मी सांगते ना."

"तोंडी नाही चालत. प्रश्नावली भरावी लागते."

"द्या मग."

"ती बैठकीतच वाटतो."

वहिनींनी त्याच्याकडे, उतू जाणाऱ्या पातेल्याकडे बघावं तसं बघितलं. मग टेबलावरचा वार्षिक अहवाल चाळला. प्रत्येक फोटोत खुर्च्या होत्या, आणि खुर्च्यांवर समन्वयक.

"ह्यात गरीब माणसं कुठायत?"

समन्वयकाचा चेहरा पडला. "वरूनही तेच विचारतात."

"उद्याची बैठक फाटकावर घ्या. हवी तेवढी माणसं देते फोटोला. ठिकाणाचा नियम नाही ना?"

नियमावली दोनदा उलटीसुलटी झाली. ठिकाणाचा नियम नव्हता.

मंगळवारी चौदा सभासद फाटकावर आले. बरोबर बॅनर आणि पाण्याच्या बाटल्या. समन्वयकाने प्रास्ताविकाचा कागद उघडला, तेवढ्यात पहारेकरी ओरडला, "वीस मिनिटांत फाटक लावणार हां!"

वहिनींनी अध्यक्षांच्या हातात गोणी दिली. "कोबी खालून धरा, भाऊ. पानं ओढू नका."

"पण विषयपत्रिका..."

"हीच. पहिला विषय कोबी."

अन्नधोरणावर दोन पुस्तिका लिहिलेले अध्यक्ष आयुष्यात पहिल्यांदा सडका टोमॅटो हाताने वेगळा करत होते. गोण्या संपल्यावर वन्संनी बॅनर उतरवून त्यात वांगी बांधली. 'अन्न हा हक्क' ही अक्षरं तेवढी गाठीबाहेर राहिली. फोटो फार छान आले.

गुरुवारी पत्र आलं. हजेरी ग्राह्य धरली होती, सभासदत्व कायम होतं. शेवटी एक ओळ होती: फाटकावर पुरेशी चर्चा होऊ न शकल्याने यापुढील बैठका सभागृहातच होतील.

"झालं का!" वन्सं म्हणाल्या. "पुन्हा येरे माझ्या मागल्या."

वहिनी कोबी चिरत होत्या. "गैरहजेरी शून्यावर आली ना? मग दोन मंगळवार आपले."

"आणि तिसरा?"

"तोवर त्यांना नवीन फोटो लागतीलच."