उजवीकडची सीट

“कॅप्टन, वर बघा! एक ढग दाखवा, उद्यापासून पगार दुप्पट करतो!” चंद्रमौळी मीनंबाक्कमच्या विमानतळावर हात नाचवत ओरडले.

“उद्यापासून मी रिटायर, साहेब. दुप्पट कशाची करणार?” हंबीरराव म्हणाले.

चंद्रमौळींचा अंबत्तूरला कारखाना होता आणि सहा माणसांचं छोटं विमान. ते उडवता उडवताच हंबीररावांचे केस पिकले. जूनमधली संध्याकाळ. चेन्नईचं आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख. पण जायचं होतं कोचीला, अंधारात, घाट ओलांडून. पहाटे चंद्रमौळींच्या भाच्याची मुंज.

“कोचीही मोकळं आहे. फोन केला मी.”

“इथं मोकळं, तिथं मोकळं. मधल्या डोंगरावर कोण बसलंय सांगायला? वारा पलीकडून चढतो नि अलीकडच्या उतारावर कोसळतो. त्यात सापडलं की आपलं डबडं नाक वर करूनही खालीच जातं. दिवसा निदान ढग दिसतो. रात्री ढग काळा, डोंगरही काळा.”

“मोठी विमानं जातात ती?”

“ती डोंगराच्या पार डोक्यावरून जातात. आपण त्याच्या खांद्याला घासून.”

पैसेवाल्या माणसाला मुहूर्त आपल्यासाठी थांबणार नाही हे कळतं. वारा थांबणार नाही हे मात्र कळत नाही. चंद्रमौळींनी मग नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “निदान बाईंसाठी तरी चला. मी शब्द दिलाय त्यांना.”

मागे बाकावर हंबीररावांच्या पत्नी कमलिनीबाई बसल्या होत्या. नवं कांजीवरम, मांडीवर पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा डबा. नवऱ्याच्या विमानात त्या कधी बसल्या नव्हत्या. नोकराच्या बायकोला सीट नाही, असा नियम. कसला नियम? माज! सीट रिकामी जायची, पण नियम जायचा नाही. आज शेवटचं उड्डाण म्हणून साहेबांना दया आली आणि पायलटशेजारची, उजवीकडची सीट कमलिनीबाईंना मिळाली.

हंबीररावांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे, विमानाच्या किल्लीकडे गेला. खरंच गेला.

“अहो,” कमलिनीबाई तंजावरी हेल काढत म्हणाल्या, “मी आले नसते तर गेला असता काय?”

“नाही.”

“मग माझ्यासाठी कसाला जाता?”

हात खिशातून रिकामाच बाहेर आला.

“उद्या मीच काढून टाकलं असतं तुम्हाला!” चंद्रमौळी गरजले.

“एक दिवस उशीर झाला, साहेब. आत्ता निघालात तर रात्रीची गाडी मिळेल. मुंज नाही, तर जेवण तरी गाठाल.”

कमलिनीबाईंनी डबा पुढे केला. “रेल्वेत खावा. रागावर उपाशी राहू नक्को.”

चंद्रमौळींनी डबा हिसकावला, पण घेतला. मोटारीचं दार धाडकन आपटून ते स्टेशनकडे गेले.

“अस्का भात दिलास? थोडाही ठेवला नाहीस?” हंबीररावांनी विचारलं.

“इतकी वेडी नाही मी. अर्धा पिशवीत आहे.”

विमान हँगरमध्ये न्यायचं होतं. हंबीररावांनी टॉवरची परवानगी मागितली आणि उजवीकडचा पट्टा स्वतः बायकोला बांधला. इंजिनं सुरू झाली. विमान खडखडत, बैलगाडीच्या वेगानं निघालं. कमलिनीबाईंनी दोन्ही हातांनी सीट गच्च धरली.

“घाट आला की सांगा हो!”

हंबीरराव इतके हसले, की विमान पिवळ्या रेषेवरून जरासं घसरलं.

हँगरपाशी त्यांनी इंजिनं बंद केली. पंखे फिरत फिरत थांबले. त्यांचा हात मात्र सुकाणूच्या दांड्यावरच राहिला. कमलिनीबाईंना पट्टा सोडता येत होता. पण हंबीररावांचा हात उचलला जाईपर्यंत त्यांनी पट्टा सोडला नाही.